बोटांमधली जागा

तीर्थरूप दाजी यांस,

दोन्ही पायांना हात लावून नमस्कार. (पाय आज मुद्दाम धरलेत, कारण पुढे येईलच.) ताईचे गुडघे आणि तुमचा खोकला यांपैकी आधी कोण थांबलं ते कळवा. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलंत, मी चौथीतून पळून चपला शिवल्या. तेव्हा पायांविषयी आपण दोघंच काय ते अधिकारी. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, पेन्सिल पावलाभोवती फिरवायची, बोटांच्या खाचांत शिरवायची आणि तो कागद जपून ठेवायचा. तीस वर्षांचे पाय कपाटात आहेत. तर गेल्या महिन्यात पोस्टमन आला, शिवून ठेवलेली चप्पल न्यायला. त्याचा अंगठा चपलेच्या अंगठ्यात शिरेना (दोन्हींना शब्द एकच, ही आमच्या धंद्याची गंमत). म्हटलं, सूज असेल. नव्याने माप घेतलं, तर पेन्सिल खाचेत जाईना, पुढून सरळ निघाली. वाकून पाहिलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पातळ कातडी, ओलसर, पलीकडचा उजेड दिसावा अशी. चाळीस वर्षं कातडं हाताळतोय दाजी, इतकं सुबक काम माझ्या हातून झालेलं नाही.

"दुखतं का हो?" विचारलं, तर म्हणतो कसा, "काय दुखतं?"

मग शिंपीण, मग बँकेतला कॅशियर, मग दूध घालणारी बाई. जुना कागद काढायचा, नवा शेजारी ठेवायचा. जुन्यात पाच बोटं, नव्यात पंखा. आणि कुणालाच त्याचं काही नाही! माझे कान तिखट, हे ताई सांगेल (ती चोरून साखर खायची ते मी अंगणातून ऐकायचो). पूर्वी नुसत्या पावलांवरून मी रस्त्यावरचा माणूस ओळखायचो. आता सगळे सारखेच वाजतात, फतक, फतक. भर दुपारी सामसूम झाली की मी दुकानाच्या फरशीला कान लावतो. खाली पाणी आहे. नळाचं नव्हे, नळाला इतकं कधी आलंय? मोठं पाणी, झोपेत कूस बदलावी तसं.

तुम्ही मागे सांगितलेलं आठवलं. बदकाचा पडदा काही नंतर उगवत नाही. अंड्यात कोंबडीच्या पिलालाही असतो, आईच्या पोटात आपल्यालाही. आपला विरतो, ज्याला लागणार त्याचा राहतो. पाय मागे रेटताना पसरतो, पुढे आणताना मिटतो, चिखलात रुतू देत नाही. म्हणजे ज्याला जिथे राहायचंय तसा त्याचा पाय. मग दाजी, विरलेला पडदा इथे परत का येतोय? कुठे राहायला जायचंय या लोकांना?

परवा नव्या चपलेचं निमित्त करून हिचं माप घेतलं. पेन्सिल पुढून सरळ निघाली. ही हसली, म्हणाली, "गुदगुल्या होतात हो." हल्ली दुपारची बादलीत पाय सोडून बसते. हाक मारली तर ओ देते, पण जरा उशिराने, लांबून आल्यासारखी. माझे पाय मी रोज तपासतो. पाच बोटं, चार खाचा, ठणठणीत. इतक्या निरोगीपणाची भीती कधी वाटली नव्हती.

ताईला नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. १: खरं काम हे, की तुमचं घर टेकडीवर आणि वरची खोली रिकामी. हिला घेऊन चार महिने येऊ का? हिला कारण सांगू नका, ताईचे गुडघे सांगा.

ता. क. २: पाकीट चिकटवण्याआधीच हिने पत्र वाचलं. रागावली नाही. म्हणाली, "तुम्ही जा. मला इथेच बरं वाटतंय." बत्तीस वर्षं हिच्या पायांत मी दुसऱ्याच्या हातची चप्पल येऊ दिली नाही, आता हिला सोडून टेकडीवर जाऊन बसायला माझाच पाय उचलत नाही. तेव्हा खोलीचं राहू द्या. ताई म्हणते, कॉलेजात असताना तुम्ही नदी पोहून पार करायचात. दम कसा धरायचा, पाय कसे मारायचे, सगळं सविस्तर लिहा, आणि लवकर लिहा, फरशीला ओल आली आहे. साध्या पायांनी जमेल असंच लिहा.