पुठ्ठ्याआड पडलेले सतरा

अप्पा, मी भ्यालेय. तुम्ही असता तर "कशाला भ्यायलीस गं?" म्हणून आधी हसला असता आणि मग तांब्याभर पाणी प्यायला लावलं असतं. पाणी पिऊन झालंय. एका खेळात मी खोटं बोलले आणि ते खोटं आता खेळाबाहेर पडून हिंडायला लागलंय, त्याची भीती आहे. खेळ म्हटल्यावर तुम्हाला पत्ते आठवतील. तसलं काही नाही. हैदराबादला औषधांचं शिकताना होस्टेलवर मी हा शिकले. टेबलाभोवती बसायचं. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारी म्हणते, समोर नदी आहे, काय करता? ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ठरवलेलं जमतं की फसतं ते वीस बाजूंच्या फाशावर. हुमनाबादेतलं माझं औषधाचं दुकान रविवारी दुपारनंतर बंद असतं. तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही चौघं बसतो: मी, तुमचे जावई, शेजारचे कानडीचे मास्तर आणि अक्का. अक्का म्हणजे उपकेंद्रातली नर्स, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. वाडीवस्तीवरच्या बायांची बाळंतपणं तिच्या हातून होतात. गोष्ट सांगणारी नेहमी मीच.

या खेळात राक्षस मारणं सोपं, माणसाला पेचात धरणं अवघड. सुरुवातीला माझे पेच म्हणजे शाळेची परीक्षा असायची, एक उत्तर बरोबर आणि एक चूक. मास्तर वैतागून म्हणायचे, "ताई, ह्याच्यात इचार करायचं काय हाय? चोराला धरायचं, झालं." मग हळूहळू कळलं. दोन्ही बाजूंना त्या माणसाचं जिवाभावाचं काहीतरी हवं. मधली पळवाट आधीच बुजवायची. धोका लपवायचा नाही, विचारतील ते खरं सांगायचं. आणि एकदा त्यांनी ठरवलं की आपला हात काढून घ्यायचा. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा सांगणारीनं करायचा नाही. हे समजायला मला चार वर्षं लागली, आणि मोडायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही.

नवा पेच शोधत होते आणि तुमचाच उचलला. भालकीहून येणारी, तुम्ही चालवत होता ती बस, खटकचिंचोळीजवळच्या ओढ्यावर फरशीवरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी. बसमध्ये चाळीस माणसं आणि एक अडलेली बाई. तिची सासू तुमच्या सीटमागचा दांडा धरून म्हणत होती, "काढ रे बाबा गाडी, लेकरू जाईल." तुम्ही काठी घेऊन पाण्यात उतरलात, परत आलात, इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात घातली. दिवेलागणीला पाणी ओसरलं. बाई वाचली, बाळ गेलं. हे सगळं आम्हाला कंडक्टरकाकांनी सांगितलं, तुम्ही नाही. मी नववीत होते. दोन दिवसांनी दारात मैत्रिणींना सांगत होते की आमच्या अप्पांनी चाळीस जीव वाचवले, तर तुम्ही आतून आलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "पुन्हा हे तोंडातून काढायचं न्हाई. तुला काय ठाव?" तुमचा आवाज कधी चढायचा नाही, त्या दिवशी चढला. आई भाकरी थापायची थांबली. तुम्ही ताटावर बसलात आणि तसेच उठलात. त्यानंतर आपल्या घरात त्या ओढ्याचा विषय कुणी काढला नाही, तुम्ही जाईपर्यंत.

मी बसची नाव केली आणि अक्काला नावाडीण. नावेत बारा जण, त्यातलं एक तापानं फणफणलेलं लेकरू, वैद्य पल्याड, नदीला पूर. अक्का टेबलावर कोपरं टेकून विचारते, "दोर हाय का?" नाही. "दुसरा घाट?" नाही. "सकाळपर्यंत थांबलं तर?" लेकरू टिकेल असं वाटत नाही. ती डोळे मिटून बसते. तुमचे जावई सुपारी कातरायची थांबतात. "काढते नाव," ती म्हणते. दहाच्या वर पडले तर पार, असं मी आधीच सांगितलेलं. फासा मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याआड टाकते, तो सांगणारीचा हक्क. पडतात सतरा. अप्पा, मी ते सतरा पुन्हा एकदा बघते. ही नाव पार झाली, तर तुमची बसही झाली असती. मी फासा मुठीत घेते आणि म्हणते, "चार." नाव मधोमध उलटली. "अगं, एखाद्याला तरी लाकडाला धरू दे की!" जावई म्हणाले. मी नाही म्हटलं. अक्कानं कपातला चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि गेली.

गुरुवारी ती दुकानात लोहाच्या गोळ्या न्यायला आली. चेहरा ओढलेला. म्हणाली, "ओढ्यापल्याडच्या वस्तीवर एक पोर हाय, पयलीच खेप, दिवस भरलेत. आदीच दवाखान्यात ठिवू म्हणलं तर सासू आयकायला तयार न्हाई. जीपवाला म्हणायलाय, पाणी आलं तरी गाडी काढतो. म्या त्याला सांगून ठिवलंय, फरशीवर पाणी दिसलं की थांबायचं म्हंजे थांबायचं. इतकी वर्सं झाली, म्या अशी कदी भ्याले न्हाई बग. डोळे मिटले की ती नाव उलटायलीय." मी कपाटाकडं तोंड करून उगाच बाटल्या सारख्या करत राहिले. खरं सांगितलं तर ती पाण्यात जीप घालायला लावेल आणि वाहून जाईल. नाही सांगितलं तर माझ्या खोट्यापायी काठावर थांबेल आणि ती पोर तिच्या डोळ्यांदेखत जाईल. टेबलावर मला असा पेच कधी लावता आला नाही. आणि हा परतीचा पाऊस चार दिवस झाले उघडायला तयार नाही.

आज सकाळी उपकेंद्रात गेले आणि सांगून टाकलं. सतरा पडले होते, अक्का. तुझी नाव पार झाली होती. ती सुयांचा डबा झाकता झाकता थांबली. मला वाटलं, सुटल्यासारखा श्वास टाकेल. "माझी बारा माणसं तू बुडिवलीस?" ती म्हणाली. मी मान खाली घातली. मग म्हणाली, "फरशीवर जायचं का थांबायचं ते म्या पाणी बघून ठरवीन, तुझ्या फाशाला इचारून न्हाई. पण तू खोटं कामून बोललीस, ते सांग." मी छत्री उचलली. "व्हय गं, तुलाच इचारायलेय." मी तशीच दुकानावर परत आले. दुपारी तिचा फोन आला, कळा सुरू झाल्यात, निघायलेय, एवढंच. आता चार वाजलेत. तिचा फोन लागत नाही. मी दुकान उघडं टाकून आत टेबलाशी हे लिहायला बसलेय. ती पाण्यात उतरली असेल का काठावर थांबली असेल, दोन्हीत मला तीच पोर मेलेली दिसते.

अक्काला दिलं नाही ते उत्तर तुम्हाला देते. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून धीर होतोय. ओढ्यावरून तुम्ही घरी आलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची खाकी पँट मी धुवायला घेतली. पाणी जिथवर आलं होतं तिथली चिखलाची रेघ गुडघ्याच्या खाली होती, चांगली चार बोटं खाली. एवढ्या पाण्यातून बस निघाली असती, असं मला तेव्हाच वाटलं. आई चुलीपाशी होती. ती बाहेर यायच्या आत मी ब्रश घेतला आणि रेघ जाईपर्यंत घासली.