एकाच माणसाच्या रक्तावर पास झालेली पावडर

प्रति,
मा. मंजुरी अधिकारी,
अपघात-उपचार साहित्य विभाग,
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला
(जिन्यातला दिवा गेला आहे, जमल्यास तेही पाहावे).

विषय : जखमेतील रक्त गोठविणाऱ्या पावडरीस दिलेली मंजुरी तात्काळ थांबविणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागील अर्ज.
२) त्यावर आपले एका ओळीचे उत्तर : 'आपल्या अर्जाची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे.'

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, 'योग्य ती नोंद' म्हणजे नेमके काय केले, हे अर्जदारास आजतागायत समजलेले नाही. मागील अर्जात अर्जदाराने अदब राखली होती. तिचा काडीचा उपयोग झाला नाही. सबब हा दुसरा अर्ज, आणि यात अदबीची फार अपेक्षा ठेवू नये.

१. अर्जदार हा आपल्याच हाताखालील रक्त-चाचणी प्रयोगशाळेत भांडारात कामास आहे. काचेच्या नळ्या, हातमोजे, कापूस यांची देवघेव एवढेच त्याचे काम. अपघातात मोठी जखम झाल्यावर रक्त थांबविणारी जी औषधे निघतात, ती या प्रयोगशाळेत तपासली जातात. रीत सोपी आहे. ताजे रक्त नळीत घ्यायचे, त्यात पावडर टाकायची आणि नळी हळूहळू आडवी करीत राहायचे. रक्त हलेनासे झाले की किती वेळ लागला ते लिहायचे. शेजारी दुसरी नळी असते, तिच्यात नुसते रक्त, पावडर नाही. दोन नळ्यांतला फरक म्हणजे पावडरीचा गुण. आता दोन्ही नळ्यांत एकाच माणसाचे रक्त हवे, हे कोणीही सांगेल. तिथे मात्र कोणीच सांगितले नाही.

२. नियमाप्रमाणे रक्तदाते बाहेरून बोलवायचे असतात, आणि निरनिराळे. पण त्यासाठी फोन करावे लागतात, मिनतवाऱ्या कराव्या लागतात, आणि आमच्या प्रयोगशाळेत सगळे नाकाने कांदे सोलणारे. मग कर्मचाऱ्यांनीच पाळीपाळीने हात पुढे करायचा, असे ठरले. त्यात असे ध्यानात आले की अर्जदाराचे रक्त बघता बघता गोठते. दाढी करताना कापले तर कापूस शोधेपर्यंत रक्त थांबलेले असते. यावरून प्रयोगशाळेत त्याला 'डिंक' म्हणतात. साहेब लोकही म्हणतात, आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. डिंकाचे रक्त घेतले की नळी वाया जात नाही, निकाल झटपट लागतो, सगळे वेळेवर घरी जातात. तेव्हापासून पाळ्या संपल्या आणि अर्जदाराची तेवढी पाळी उरली. मोबदला म्हणून एक बिस्कीट, तेही मऊ पडलेले.

३. दुसऱ्या नळीची हकीकत याहून न्यारी. आमच्या हिशेबनिसांना हृदयाचा विकार आहे, रक्त पातळ ठेवणारी गोळी ते रोज घेतात. त्यांचे रक्त काही केल्या लवकर गोठत नाही. तरी ते मोठ्या हौसेने बाही वर करतात, कारण रक्त दिले की दुपारनंतर घरी जायला मिळते. त्यांचे रक्त पावडरीत घातले तर निकाल बिघडतो, आणि फेकून दिले तर ते फुगून बसतात व आमची प्रवासबिले अडकवतात. तेव्हा तोड अशी निघाली की त्यांचे रक्त बिनपावडरीच्या नळीत घालावे. एका नळीत डिंक आणि पावडर, दुसऱ्या नळीत हिशेबनीस. फरक दिसला नसता तरच नवल. पावडरीऐवजी अंगणातली धूळ टाकली असती तरी ती पास झाली असती. कोणाच्या मनात पाप होते, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. आळस होता, आणि आळसावर कोणी गुन्हा नोंदवीत नाही. या निकालावर आपण सही केलीत आणि पावडर कारखान्याकारखान्यांत गेली.

४. अर्जदारास एक मुलगी आहे. ती छापखान्यात कागद कापण्याच्या यंत्रावर काम करते. रक्ताच्या बाबतीत ती आईच्या वळणावर गेली. लहानपणी तिला घोळणा फुटला की पंचा भिजेपर्यंत थांबत नसे. ती आई आता नाही. अर्जदाराने एकट्याने पोर वाढवली, आणि तिच्यापलीकडे त्याला या जगात कोणी नाही, हे इथे स्पष्ट लिहिलेले बरे.

मागील महिन्यात यंत्राचे पाते मुलीच्या हातावर आले. मालकाने भिंतीवरचा, आपल्या कार्यालयाचा शिक्का असलेला पावडरीचा डबा उघडला आणि निम्मा तिच्या हातावर पालथा केला. पावडर रक्ताबरोबर वाहून खाली गेली, चिखल झाला. तरी मालक म्हणत होता, "थांबा, डब्यावर लिहिलंय, आत्ता थांबेल." शेवटी पुस्तकबांधणीच्या बाईंनी त्याला बाजूला ढकलले, टेबलावरचे फडके घडी करून जखमेवर दाबले, आणि दवाखाना येईपर्यंत हात काढला नाही. मुलगी वाचली ती त्या बाईंमुळे. आपल्यामुळे नव्हे, आमच्यामुळे तर नव्हेच.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी डबा हातात घेऊन विचारले, "जखमी माणूस गार पडतो, सलाइननं रक्त आणखी पातळ होतं, गोठवणारा ऐवज संपत जातो. असल्या रक्तावर तपासलीय का कुणी ही?" अर्जदारास तेव्हा जमीन दुभंगेल तर बरे, असे झाले. खोलीत त्याच्याशिवाय उत्तर ठाऊक असलेला माणूस नव्हता.

मुलीला त्याने सारे सांगितले. तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "म्हणजे बाबा, तुमच्यावर चाललं म्हणून माझ्यावर ओतलं." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. अर्जदाराची तो दांडा होण्याची इच्छा नव्हती, आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते.

५. यावर अर्जदाराने पहिला अर्ज केला. आपण तो चौकशीसाठी कोणाकडे पाठविला, तर आमच्याच प्रयोगशाळेकडे. चोरालाच पहारा सांगावा तसे. सोबत आदेश, की सात निरनिराळ्या व्यक्तींच्या रक्तावर फेरचाचणी घ्यावी. प्रमुख बाईंनी अर्जदारास बोलावून खुर्चीत बसविले आणि सात नळ्या मांडल्या. सातांवर सात नावे. एक नाव निवृत्त रखवालदाराचे, एक प्रमुख बाईंच्या सासूबाईंचे, ज्या हयात नाहीत. अर्जदाराने विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, रक्त माणसाचंच आहे ना? मग नियमात बसतं. हलू नका."

तिसरी नळी भरताच अर्जदाराने सुई काढून हात मागे घेतला. त्यावर उरलेल्या चार नळ्यांत त्या तीन नळ्यांतलेच रक्त थोडे थोडे वाटण्यात आले. सातही जणांचे रक्त झटक्यात गोठले, सासूबाईंचे सर्वांत आधी. अर्जदारास मात्र 'फेरचाचणीत अडथळा आणल्याबद्दल' नोटीस मिळाली आहे.

६. इकडे छापखान्याच्या मालकाने मंजूर पावडर आहे म्हणून कपाटातल्या जखमेवर बांधायच्या जाड पट्ट्या काढून टाकल्या. नवी पाटी लावली : आधी पावडर टाका, थोडे थांबा, मग गरज वाटल्यास गाडी बोलवा. मुलीचा हात भरत आला आहे. सोमवारी ती कामावर हजर झाली नाही तर जागा दुसरीला देणार, असा निरोप आहे. अर्जदाराने तिला विनवले, रागावला, शेवटी तिच्यासमोर रडला. ती म्हणते, "हात गेला तर बघू, काम गेलं तर काय खायचं?" तिच्याशी वाद घालून उपयोग नाही, तो स्वभाव अर्जदाराचा आहे.

तरी विनंती की, सोमवारपूर्वी मंजुरी थांबवावी, डबे परत मागवावेत आणि पट्ट्या पुन्हा कपाटात ठेवण्याचा हुकूम काढावा. फेरचाचणी दुसऱ्या प्रयोगशाळेत, बाहेरच्या माणसांच्या, थंड व पातळ केलेल्या रक्तावर घ्यावी. एक हात आपला स्वतःचा असावा. बिस्कीट अर्जदार आणून देईल.

हे होणे नसेल आणि पुन्हा योग्य ती नोंदच घेतली जाणार असेल, तर एवढे तरी करावे. अर्जदारास बिनपगारी रजा द्यावी आणि सोमवारपासून छापखान्यात मुलीच्या जागी उभे राहण्याचा लेखी आदेश काढावा. मालक लेखी हुकमाला भितो. पगार मुलीच्या नावावर जमा व्हावा. ही पावडर ज्याच्यावर चालते असे आपल्या कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी मान्य केले आहे असा माणूस एकच आहे, तेव्हा त्या पात्याखाली हातही त्याचाच असावा.

नम्रता संपलेला, तरी आपल्याच खात्याचा,

(सही)
अर्जदार, भांडार विभाग, रक्त-चाचणी प्रयोगशाळा

दिनांक : आज गुरुवार. मध्ये शुक्रवार आणि शनिवार आहेत, शनिवारी आपले कार्यालय अर्धा दिवस उघडे असते.

सोबत : काही नाही. डॉक्टरांचा दाखला व डब्याचे वेष्टन मागील अर्जासोबत आपल्याकडेच आहेत.