गल्ली तीन, घर सतरा

१२ फेब्रु., बुध.
सेलूच्या नव्या कॉलनीत राहायला येऊन तीन आठवडे झाले. आज कमिटीनं मला गल्ली तीनची प्रमुख केलं. आमचे हे चिटणीस आहेत म्हणून केलं, असं बायका म्हणणारच. म्हणू द्या. छत्तीस वर्षं शाळेत पोरं रांगेत उभी केली, नऊ घरं काय जड आहेत मला?
कॉलनीचा नकाशा काढणारी आर्किटेक्ट ऋतुजा आली होती. पोरगीच आहे. सगळ्यांच्या मनगटाला पट्टे बांधले. पट्टा पावलं मोजतो, छातीचे ठोके मोजतो. ठोके बिघडले की गल्लीप्रमुखाच्या अन् कमिटीतल्या तिघांच्या मोबाइलवर घंटी. म्हणाली, "काकू, मशीन नुसती हाक मारतं. धावत जायचं ते शेजाऱ्यानं. म्हणून तर दोन घरांमध्ये भिंत ठेवली नाही, दारात बाकडी ठेवली."
छान बोलते.
गेटवर मोठा बोर्ड लागलाय. रोज संध्या. सहाला पावलांवरून प्रत्येक गल्लीचा रंग. हिरवा, पिवळा, लाल. आपला पिवळा.

१८ फेब्रु., मंगळ.
पिवळा कुणामुळं ते कळलं. घर १७, वत्सलाबाई. मूळ वालूरच्या. नवरा गेल्यावर मुलानं, अविनाशनं, इथं घर घेऊन दिलं. तो पुण्यात, ही इथं एकटी. दोन्ही गुडघे गेलेले. दिवसभर दारातल्या बाकड्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका. "बाई, बसा की वो. च्या टाकू?" लय गोड बोलते. मीही बसलेय चार-दोनदा. आमचा गॅस आला नव्हता तेव्हा आठ दिवस आम्ही दोघं तिच्याच हातचं जेवलो.
पण पावलं? दिवसाला तीनशे!

६ मार्च, गुरु.
ह्यांनी बातमी आणली. एप्रिलअखेर पाहणी पथक येणार, आदर्श कॉलनी निवडायला. जी गल्ली हिरवी तीच दाखवायची.
कमिटीत मीच विषय काढला, बोर्डावर गल्लीच्या रंगाबरोबर घरांचे नंबरही यावेत. ऋतुजा फोनवर होती. नको नको म्हणाली. "नंबर टाकला की मदत थांबते काकू, चौकशी सुरू होते." तिचं कोण ऐकतंय. हात वर, ठराव मंजूर.

१४ मार्च, शुक्र.
नंबर झळकायला लागले. आमच्या गल्लीत एकच लाल.
वत्सलाबाईनं दुपारी गाठलं. "बाई, ते तांबडं माझंच हाय का?"
हो म्हटलं.
"आता गं बया," म्हणाली अन् हसली. मी हसले नाही. वर्गात असं हसणाऱ्या पोराला मी बाहेर उभं करायची.

१७ मार्च, सोम.
गल्लीतली बाकडी काढली. चालायच्या रस्त्यावरचीसुद्धा. बसायला जागा असली की माणूस बसतंच. कमिटीला पटलं.
चारही गल्ल्या झाडणारी रुक्मिण मध्येच बोलली, "बाई, म्हातारी कुठं बसल मग?"
"तिच्या घरात बसल."
व. बाई चौकट धरून बघत होती. गडी बाकडं उचलायला लागले तर आत गेली आणि त्यांना पाणी घेऊन आली.

३० मार्च, रवि.
पाडवा. गल्लीतल्या बायकांचं जेवण आमच्याकडं. १७ ला कुणी सांगितलं नाही. म्हणजे, मीच सांगू नका म्हटलं होतं.
पंगत बसली अन् ही दारात. हातात कटाच्या आमटीचं पातेलं. "मला कुणी सांगितलं असंल, माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई बगा." कुणी वर बघेना. पातेलं घेतलं, ये म्हटलं नाही. ती थोडा वेळ थांबली. मग "सावकाश जेवा" म्हणून गेली.
आमटी चांगली होती. सगळी संपली.

४ एप्रिल, शुक्र.
१७ ची पावलं नऊ हजार! आज सलग तिसरा दिवस. गल्ली हिरवीगार. हे म्हणाले, "लोकांदेखत नाव आलं की माणसाला शिस्त लागती." मी स्वतः जाऊन तिची पाठ थोपटली. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. लाजली असेल.

११ एप्रिल, शुक्र.
लाजली नव्हती. रुक्मिण झाडायला वाकली तेव्हा बांगड्यांच्या वर पट्टा दिसला. ओढूनच बघितला. नंबर १७.
रुक्मिण रडायलाच लागली. व. बाई लंगडत पुढं आली. "तिला बोलू नका, म्याच दिला. ती हिंडतीच की दिसभर. तिची पावलं कुणीच मोजीत न्हाई, वाया चालली व्हती."
वर तोंड करून हे बोलते! उद्या सभा.

१२ एप्रिल, शनि.
सभा झाली. तिला सगळ्यांसमोर उभं केलं, खुर्ची दिली नाही. मीच अविनाशला फोन लावला अन् स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून पोरगा म्हणाला, "आई, काय हे? मला खाली बघायला लावलंस."
ती फोनकडं तोंड करून म्हणाली, "जेवलास का रं?" तर दोघं-तिघं हसले.
रुक्मिणला कामावरून काढायचं ठरलं. तेव्हा मात्र ही हात जोडून खाली बसली. एरवी गुडघा वाकत नाही म्हणते, आज बरा वाकला. "तिच्यावर लेकरांचं पोट हाय. मला काय सांगाल ते करते. मी चालते. उद्यापासून मीच चालते." उठताना दोघींनी धरलं. रुक्मिणला ठेवलं.
मला बरं वाटलं. खरं तेच लिहायचं असं पोरांना शिकवत आले, म्हणून लिहिते. मला फार बरं वाटलं.

१८ एप्रिल, शुक्र.
चालते. भिंतीला धरून, थांबत थांबत. काल अडीच हजार. बोर्डावर पिवळी झाली. मी खिडकीतून म्हटलं, "अजून थोडं, वत्सलाबाई." तिनं हात वर केला.

२१ एप्रिल, सोम.
नीट लिहिते.
दुपारी सव्वाचारला मोबाइलवर घंटी. १७, ठोके बिघडले. मी पथकासाठी साडीला इस्त्री करत होते. मनात आलं, परत दिला वाटतं पट्टा कुणाला, पळतंय कुणीतरी. "बघितलं" दाबलं. वीस मिनिटांनी परत वाजली. परत दाबलं. दुसरी साडी काढली.
साडेपाचला पहिल्या गल्लीतली सून ओरडत आली. मागच्या, चालायच्या रस्त्यावर, चौथ्या गल्लीच्या पलीकडं, वत्सलाबाई पडलेली. ऋतुजानं लावलेले कडुलिंब अजून कमरेएवढे, सावली कुठली. डांबर असं तापलेलं की आम्हाला हात टेकवेना. एक चप्पल पायात, एक पार मागं. म्हणजे एका पायानं अनवाणी आली होती तेवढं.
अँब्युलन्स मी बोलावली. परभणीला नेलं.
घराकडं येताना सहा वाजले. बोर्ड लागला. १७ हिरवा.

२३ एप्रिल, बुध.
परभणी. दवाखाना. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे आहेत. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. ओळखलं असावं.
रुक्मिण तिथंच. सोमवारपासून तिथंच आहे, तिला कुणी बोलावलं नव्हतं. चमच्यानं तिचे ओठ ओले करत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "लय येळ पडून व्हती म्हणं." एवढंच.
अविनाश माझ्या पायाला हात लावायला वाकला. "काकू, तुमी होतात म्हणून."
मी पाय मागं घेतले नाहीत.
मग म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर बोलली असती. पट्ट्याची घंटी वाजली नाही का?"
"बघते," म्हटलं.

२५ एप्रिल, शुक्र.
पथक आलं. गल्ली तीन दाखवली. चालायचा रस्ता धुऊन घेतला होता. त्यातल्या एका मॅडमनं विचारलं, "सतरा नंबरला कुलूप?" हे म्हणाले, "गावी गेल्यात." मला गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला. "बाई, तुमच्यासारखे शेजारी सगळीकडं पाहिजेत."
घरी येऊन फूल मोरीत टाकलं. ह्यांना कोमेजलं म्हणून सांगितलं.

२७ एप्रिल, रवि.
ऋतुजाचा फोन, ह्यांच्या मोबाइलवर. आवाज नेहमीचा नव्हता. "काकू, घंटी दोनदा वाजलीय. दोन्ही वेळा कुणीतरी 'बघितलं' दाबलंय. प्रमुखाशिवाय कमिटीतल्या तिघांच्या फोनवरही ती जाते, एकानं दाबलं की सगळीकडं थांबते. कुणी दाबलं, ते उद्या तिथं येऊन एकेक फोन उघडून बघते. अविनाशदादा पण येतायत."
ह्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ह्यांनी चहा संपवला, कपबशी ठेवली. "तुझा मोबाइल हरवला. आठ दिवस झाले. मी विहिरीत टाकून येतो."
"अन् नाव कुणाचं येईल?"
"कुणाचंबी येऊ दे. रुक्मिणचा पोरगा कमिटीच्या हापिसात झाडायला येतो की. त्या तिघांतला एक फोन तिथं टेबलावरच पडलेला असतो."
एका दमात बोलले. ह्यांना विचार करावा लागला नाही, हे मला दिसलं. मलाही ते लगेच पटलं, हेही दिसलं.
विहिरीवर गेले नाहीत. मी मोबाइल दिला नाही. अजून उशाखाली आहे.

२८ एप्रिल, सोम.
सकाळी नऊ. ऋतुजाची गाडी आलीय. अविनाश १७ च्या दारात उभा. हे बाहेर मोठमोठ्यानं सांगतायत, त्या दिवशी दुपारभर लाइट नव्हती, नेटवर्क नव्हतं. ऋतुजा नुसती कॉलनीकडं बघतेय. तीनच महिन्यांची कॉलनी.
अविनाशनं हाक मारली. "काकू, कुलूप उघडंना. जरा येता का?"
आले म्हटलं. मोबाइल हातात घेतलाय. माझा आवाज ऐकून हे आत आलेत अन् दारात आडवे उभे आहेत.