आप्पांच्या पोटऱ्या

३ नोव्हेंबर
आज रुजू झाले! सात रस्त्याजवळचं हॉस्पिटल, अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्ट. मोहोळहून आई सोडायला आली होती, माझी हॉस्टेलची खोली बघून खूश झाली. पहिले पेशंट सांगोल्याचे आप्पा, जन्मभर मेंढरांमागं चाललेले. न्यूमोनिया झालाय, म्हणून भुलीच्या औषधानं झोपवून व्हेंटिलेटरवर ठेवलंय. अशा पोटऱ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. दगडासारख्या.

५ नोव्हेंबर
आमच्या विभागाच्या डॉ. गुरुशांतांनी नीट समजावलं. स्नायूंच्या पेशी आपली मोडतोड स्वतःच निस्तरतात, जुन्यातलं कामाचं काढून नवं घडवतात. भूल आणि निपचित पडणं, दोन्ही मिळून हा मेळ बिघडवतात. मोडणं चालूच राहतं, घडणं मागं पडतं. म्हणून आप्पांचे हातपाय सकाळ-संध्याकाळ हलवायचेच. बाहेर बसलेल्या त्यांच्या बायकोला, दगडाबाईंना, मी तसा शब्द दिला.

९ नोव्हेंबर
संध्याकाळी आप्पांना हात लावला नाही. त्यांचे पाय फार जड, आणि ते थोडेच तक्रार करणार आहेत. शेजारच्या खोलीतल्या सुकन्याबरोबर सिनेमाला गेले. डॉक्टरांना व्यायाम झाला म्हणून सांगितलं. कालही तसंच.

१४ नोव्हेंबर
आठवडाभर तेच केलं. पोटऱ्या पार ओसरल्या, कातडी लोंबतेय. डॉक्टर म्हणाले, थोडं व्हायचंच, पण एवढं? व्यायाम चालू आहे ना? मी हो म्हणाले. दगडाबाईंनी माझ्या हातावर डाळिंब ठेवलं. "तू हायस म्हनून मला घोर न्हाय, पोरी." डाळिंब तसंच खिशात घालून आप्पांचे पाय हलवायला गेले.

१६ नोव्हेंबर
परवापासून दोन्ही वेळा व्यायाम देतेय, चुकवत नाही. तरी त्यांचे पाय वाळतच चाललेत.
लिफ्ट बंद होती. सगळे जिने चढले, दम लागला नाही. माझी पँट पोटरीवरून वर सरकेना. चाचपून पाहिलं. दगडासारखं.

१८ नोव्हेंबर
त्यांचे पाय आणखी हलके. माझे जड. हे त्यांचंच आहे — मी मोडू दिलेलं. डॉक्टरांना खरं सांगायला गेले. दारातूनच परत फिरले. मी फिरले, की पायच फिरले —

१९ नोव्हेंबर
भूल उतरवली, नळी काढली. आप्पा पहिलं बोलले ते, "माजं पाय कुटं हायत?"
दगडाबाई म्हणाल्या, "हितंच हायत की."
आप्पांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलंच नाही. माझ्या पायांकडं बघत राहिले.

२० नोव्हेंबर
मी घरी मोहोळला जायला निघाले होते. पाय स्टँडकडं वळेनात. भर दुपारी, भर रस्त्यात — थांबेनात, थेट हॉस्पिटलात घेऊन आले.
आप्पांच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर आहे. दगडाबाईंना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, "मग आता त्येंचं पाय परत देतीस व्हय?"
उठता येत नाही. पाय आपणहून खाटेवर — पसरलेत. सिस्टर भुलीचं औषध भरतायत. कुणासाठी विचारलं, तर त्या माझा हात धरून