किनुएकाकूंच्या पट्ट्या

९ ऑक्टोबर

हिराता डॉक्टरने किनुएकाकूंच्या संमतीच्या कागदावर सही केली. एकदाची!

म्हातारे सुगावारा डॉक्टर दवाखाना बंद करून लेकीकडे राहायला गेले, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. ते चहा पिता पिता सही करायचे आणि वर विचारायचे, आणखी कुणाची आहे का. हा नवा डॉक्टर तरुण, अदबशीर, शब्द मोजून वापरणारा. म्हणाला, "सुयांच्या उपचाराबद्दल माझं काही मत नाही." मत नाही म्हणजे काय मत आहे, ते कळलं मला.

असो. डॉक्टरच्या संमतीशिवाय सरकारी विमा माझ्या अॅक्युपंक्चरच्या सुयांकडे ढुंकूनही बघत नाही. आता सहा महिने किनुएकाकूंच्या कमरेची काळजी मिटली. ती कंबर एकटीची नाही, दोघांची आहे. तोकुजीकाकांना झटका आला तेव्हापासून ते अंथरुणाला खिळलेले. वाचाही गेली. त्यांना कुशीवर वळवणं, उठवून बसवणं, भरवणं, सगळं काकूच करतात. काकूंची कंबर जरा धरली की वृद्धसेवा कचेरीच्या चिबाबाई काळजीने विचारतात, काकांसाठी वृद्धाश्रमात जागा बघू का? तो शब्द काकूंना कानावरसुद्धा नको असतो. माझा माणूस माझ्या घरातच राहील, एवढंच त्यांचं उत्तर.

१७ ऑक्टोबर

काकूंकडे जाऊन आले. सुया झाल्यावर काकांचे हात चोळून दिले. ते कुठल्या बिलात बसत नाही, बसवायचंही नाही मला. काकू मात्र टक लावून बघत होत्या. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. दुखतं म्हणून फडकं बांधलं होतं मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण – दुसरं काय!

२९ ऑक्टोबर

काकूंनी कापडात बांधलेलं पुडकं हातात ठेवलं. दुखण्यावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या. "घरात पडून होत्या हो, बाई." नको म्हटलं तर चेहरा पडला. इथे कुणी भोपळा आणून दिला तर त्याची टोपली रिकामी परत जात नाही, आणि मी तर काकांचे हात चोळत होते. घेतल्या. तशा या पट्ट्या गावात लोणच्यासारख्या या घरातून त्या घरात फिरतच असतात. प्रत्येकाच्या कपाटात साठा!

३ नोव्हेंबर

पट्टीने बरं वाटतंय. कबूल करायला लाज वाटते, पण वाटतंय.

२ डिसेंबर

काकूंनी पुन्हा पट्ट्या दिल्या. म्हटलं, अहो, तुमच्या कपाटाला तळ आहे की नाही? हसल्या नुसत्या. कंबर छान मोकळी झालीय. मुळे लोणच्यासाठी ओसरीवर टांगले होते, ते स्वतः टांगले म्हणाल्या. काकांना खिडकीपाशी बसवलं होतं. बर्फ बघत होते.

२१ जानेवारी

विम्याच्या कचेरीतून फोन. किनुएकाकूंची तीन महिन्यांची बिलं नामंजूर!

फोनवरचा माणूस इतका नम्र की भांडायलाही जागा नाही. त्याच कमरेवर डॉक्टरचाही उपचार चालू आहे, म्हणाला. एका दुखण्याला विमा एकाचेच पैसे देतो, एक तर डॉक्टरचे नाही तर सुयांचे. हा नियम मला काय सांगतो? मीच प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी बजावते – डॉक्टरकडून याच दुखण्यावर काही घेऊ नका, साधी पट्टीसुद्धा नाही. काकूंनाही बजावलं होतं. तावातावाने म्हटलं, कसला उपचार? तो कागद चाळून म्हणाला, "पट्ट्या दिल्यात. दर महिन्याला."

मी फोन ठेवला आणि मनगटाकडे बघत बसले.

२२ जानेवारी

सकाळीच काकूंकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. हिराता डॉक्टरकडे जाऊन कमरेसाठी म्हणून पट्ट्या मागितल्या, आणि सगळ्या मला दिल्या.

"तुमच्यासाठी म्हणून सांगितलं असतं तर दिल्या असत्या का त्यांनी?"

"पण काकू, मी बजावलं होतं ना?"

"कमरेला लावायच्या नाहीत म्हणाला होतात. मी एकही लावली नाही, बाई. खरं सांगते."

नियम पाळूनच नियम मोडला बाईने. मी म्हटलं, डॉक्टरला खरं सांगू, तो विम्याला कळवेल. तर काकूंचा चेहरा पांढराफटक. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर औषध घेतलं म्हणजे सरकारला फसवलं. गावात तोंड कसं दाखवू? वाकून कपाळ चटईला टेकवलं त्यांनी. त्या कमरेने! मला शब्द द्यावाच लागला. आतल्या खोलीत काका जागे होते. दार उघडंच होतं.

२५ जानेवारी

हिराता डॉक्टरकडे गेले. बाहेर तासभर बसवलं, पण बोलला नीट. काकू पट्ट्या मागायला आल्या तेव्हा हसत होत्या, ताठ चालत होत्या, म्हणाला. म्हणजे पट्ट्या लागू पडतायत. मग सुयांना संमती कशासाठी ठेवायची? उद्या विम्यावाल्यांनी विचारलं तर मी काय सांगू, म्हणाला.

त्याचं चूक नव्हतं. हेच तर दुखणं! काकू ताठ चालत होत्या त्या माझ्या सुयांनी, आणि श्रेय गेलं माझ्याच मनगटावरच्या पट्ट्यांना. एक वाक्य बोलले असते तर सगळं सुटलं असतं, आणि काकू चोर ठरल्या असत्या. नमस्कार करून उठले. संमती गेली.

३ फेब्रुवारी

काकूंना म्हटलं, विमा गेला उडत, मी फुकट करते. नाही म्हणाल्या. मग अर्ध्या पैशात? नाही. उधार? तेही नाही.

"फुकट घेतलं तर फेडू कशाने, बाई? एकदा फेडायला गेले, त्याचं काय झालं बघितलंत ना."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, या तुमच्या मानापायी एक दिवस काकांना घालवून बसाल. बोलायला नको होतं. त्या चहा ओतत राहिल्या. कप भरून वाहिला तरी ओतत होत्या.

१४ फेब्रुवारी

त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम हाक मारली. बाहेर येऊन फावड्याने बर्फ ओढून दाखवला मला! बघा, ठणठणीत आहे मी, म्हणाल्या. थंडीत घाम फुटला होता कपाळावर. मी वळल्यासारखं केलं आणि कोपऱ्यावरून मागे बघितलं. भिंतीला धरून आत जात होत्या, एकेक पाऊल.

२७ फेब्रुवारी

पडल्या. काकांना उठवताना, त्यांच्यासकट. शेजारीण भाजी द्यायला गेली तेव्हा दोघं जमिनीवर. काकूंनी स्वतःची रजई ओढून काकांच्या अंगावर घातली होती. हाड मोडलं नाही कुणाचं. एवढंच.

६ मार्च

तोकुजीकाकांना आज नेलं. डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात. चिबाबाई म्हणाल्या, कचेरीने ठरवलंय, आता दुसरा इलाज नाही. काकूंनी वाद घातला नाही. आदल्या दिवशी काकांचे सगळे सदरे धुऊन, प्रत्येकावर नाव शिवून ठेवलं होतं. गाडीत बसवताना काका बायकोकडे बघेनात. मला राग आला त्यांचा. एवढं केलं तिने, एकदा बघावं तरी! गाडी वळली तरी काकू वाकलेल्याच होत्या. आधी वाटलं नमस्कार करतायत. मग लक्षात आलं, कंबर सरळ होत नव्हती.

७ मार्च

पेशंट घेतले नाहीत.

१५ मार्च

चिबाबाई खांदा दाखवायला आल्या होत्या. पालथ्या पडून, तोंड उशीत खुपसून एकदम बोलल्या. कचेरीने काही ठरवलं नव्हतं. काकांनीच मागितलं होतं. काकू दुकानात गेल्या असताना डाव्या हाताने कागदावर लिहिलं – मला न्या, तिची कंबर वाचवा, कचेरीने नेलं म्हणा, तिला सांगू नका. कधी, म्हणून विचारलं. गेल्या उन्हाळ्यात. हिराताची सही नव्हती, पट्ट्या नव्हत्या, काही नव्हतं तेव्हा. वृद्धाश्रमाच्या यादीत नाव तेव्हाच लावलं होतं, जागा आत्ता निघाली.

दुपारी काकू आल्या. काठी टेकत, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या हाताने घालवलं मी त्यांना, बाई. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं." काकांनी लिहिलंय, तिला सांगू नका. आत बोलावलं, तर म्हणाल्या, आता कंबर कुणासाठी नीट करायची? मी त्यांचा हात धरून उभी राहिले, आणि त्या कागदाबद्दल नाही सांगितलं.