आईने तुला मच्छरदाणी का पाठवली

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. (साष्टांग घातला असंच समज. हे पत्र मी गाडीच्या डिकीत आडवी पडून लिहिते आहे, त्यामुळे फारसं काही बाकी राहिलेलं नाही.) तुझी तब्येत, तुझी पाठ आणि तुझा तो भांडखोर शेजारी, सगळे बरे असावेत. आईचे गुडघे कुरकुरतात पण चालतात. कान मात्र आता नावालाच उरलेत. यंत्र लावायचा विषय काढला की तेवढाच तिला पहिल्या फटक्यात ऐकू येतो, आणि ती उठून स्वयंपाकघरात जाते.

मागच्या महिन्यात तुझ्या विसाव्या मजल्यावर एक मच्छरदाणी पोचली आणि तू घाबरून विचारलंस, घरी सगळं ठीक आहे ना? त्याचा खुलासा राहून गेला होता. तू मोबाइलवर पाठवतोस ते निरोप आईला काही केल्या ऐकू येईनात. मी ते तिच्या कानाशी ओरडून पुन्हा सांगायचे, तर म्हणायची, तुझा आवाज मला रोजच ऐकायला मिळतो, मला त्याचा हवाय. म्हणून मी बाबांच्या गाडीत ॲम्प्लिफायर बसवून घ्यायचं ठरवलं. काचा लावायच्या, आवाज वाढवायचा, कुणाला त्रास नाही. (मी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते. मला वाटलं, हेही बसवायचंच काम आहे, त्यात काय एवढं.)

गाड्यांना स्पीकर बसवून देणारा डेकवाला आला, त्याने डिकीत वायरी पसरल्या आणि अर्थिंगची वायर पत्र्याला जोडायची म्हणून रंग खरवडायला घेतला, तोच आई आडवी आली. बाबांनी जन्मभर लोकांच्या गाड्या रंगवल्या, आणि स्वतःची एकदाच, दुकानाला कायमचं कुलूप घालण्याआधी. त्यानंतर जाईपर्यंत त्यांनी ब्रश हातात धरला नाही. आपल्या घरात काचेची भांडी फुटलेली चालायची, पण रंगाला नख लागलेलं खपायचं नाही, हे तुला सांगायला नको. तेव्हा वायर कुठेही जोडा, पण ओरखडा नको, असं फर्मान निघालं. डेकवाल्याने ती रंगावरच बोल्टने आवळली, आता माझी जबाबदारी नाही म्हणाला आणि पाण्याला सुद्धा थांबला नाही.

मग आम्ही दोघी गाडीत बसून तुझा निरोप लावला. तू बोलत होतास आणि तुझ्यामागे काहीतरी कुंईऽऽ करत होतं. इंजिनचा वेग वाढवला की ते चढायचं, कमी केला की उतरायचं. इंजिन बंद करून ऐकावं, तर बॅटरी इतकी म्हातारी की तुझ्या दुसऱ्या वाक्याला मान टाकते. आई डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "याच्या खोलीत डास फार झालेत गं." पुढचं पार्सल तुला मिळालंच.

मी हार मानली नाही. वायर जाड घेतली, कुंई तशीच. मागच्या सीटच्या बोल्टला जोडून पाहिली, तर बाबांनी तो बोल्टही रंगवलेला. (जिथे कुणी जन्मात बघणार नाही तिथेही तीन हात मारलेत त्यांनी. कौतुक करावं की डोकं धरावं?) मग लांब वायर ओढून थेट बॅटरीपर्यंत नेली, तेव्हा एका डासाचे दोन झाले. डेकवाल्याने फोनवर समजावलं ते असं, की करंट स्पीकरकडे जातो तसा त्याला परत यायलाही रस्ता लागतो, आणि तो रस्ता गाडीच्या उघड्या लोखंडातून. मध्ये रंग आला की त्याचं अडतं. (करंटचं बोलते आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.)

हे मी आईला ओरडून सांगितलं.  ती आत जाऊन पॉलिश पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "रंग त्यांचा आहे, पण पोरगा दोघांचा आहे. सरक."

दादा, ती कशी घासते हे मी विसरूनच गेले होते. बाबांच्या हाताखाली घासकाम तीच करायची ना! पाण्याचा हात लावून, गोल गोल, घाई नाही. वरचा निळा गेला, त्याखालचा गेला, खालचं राखाडी अस्तर गेलं, आणि शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं लोखंड चकाकायला लागलं. तिने ते पदराने पुसलं. मला मात्र रडू आलं. डोळ्यात धूळ गेली म्हणाले, पण ते तिला ऐकू आलं नाही.

वायर तिथे आवळली, इंजिन चालू केलं, आणि डास गेले. नुसता तू. इतका जवळ की आईने मागच्या सीटकडे वळून पाहिलं. तू म्हणालास, मी मजेत आहे, काळजी करू नका. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. मग म्हणाली, "हा मजेत नाही." मी म्हटलं, कामाने दमला असेल. तर म्हणाली, 'मजेत' म्हणायच्या आधी तो आवंढा गिळतो, तू नीट ऐक. मी ऐकलं. गिळतोस.

असो. बाकी सर्व क्षेम. प्रकृतीस जप.

तुझी धाकटी

ता. क. यापुढे निरोप पाठवताना घसा आधीच साफ करत जा, नाहीतर खरं काय ते सांगत जा. हा ॲम्प्लिफायर आता काही लपवत नाही.

आणखी एक. उघड्या लोखंडाला गंज धरतो, म्हणून बोल्टच्या भोवती रंगाचा एक हात द्यावा लागतो. बाबांच्या डब्यात तळाला थोडा रंग उरलाय. मी ब्रश घेऊन गेले, तर आईने तो काढून घेतला. म्हणते, दादा लावेल. तोवर ती रोज सकाळी तिथे तेलाचं बोट फिरवते आणि रस्त्याकडे बघत उभी राहते. दादा, डब्यातला रंग घट्ट होत चाललाय. ये.