जाऊन पाहून आलो

अप्पा, तुमची रजिस्टरं मी माळ्यावरून खाली काढली. बारा वर्षं ती एका जुन्या सुती साडीत बांधलेली होती आणि इतक्या वर्षांत मी त्या गाठोड्याला हात लावला नव्हता. का नव्हता, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता काढायची वेळ का आली ते सांगायला बसले आहे. सांगण्यासारखं दुसरं माणूस या घरात उरलेलं नाही.

कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झाल्यापासून मी दुपारी कॉम्प्युटरपुढे बसते. इंटरनेटवर एक विश्वकोश आहे. तो पंडितांचं मंडळ लिहीत नाही, ज्याला जे माहीत असेल तो ते लिहितो. तुम्हाला हे फार आवडलं असतं. अट एकच, लिहिलेल्या गोष्टीला छापील आधार दाखवायचा. पुस्तक असेल तर नाव आणि पान, पेपर असेल तर नाव आणि तारीख. नवी माणसं येतात, आपल्या गावाबद्दल, देवळाबद्दल उत्साहानं लिहितात आणि आधाराच्या जागी काहीच लिहीत नाहीत. त्यांना हे शिकवायचं काम मी अंगावर घेतलं आहे. शिकवते म्हणजे बहुतेक वेळा खोडते. ‘संदर्भ हवा’ असं लिहायचं, आठ दिवस वाट पाहायची आणि ओळ काढून टाकायची. जन्मभर कॅटलॉगची कार्डं लिहिलेल्या बाईला हे जड जात नाही.

तुमचं सगळं याच्या उलट होतं. तहसील कचेरीतली बाद झालेली रजिस्टरं तुम्ही निवृत्त होताना मागून आणली होतीत, आणि रोज सकाळी पेपर वाचून झाला की त्यातली इकडच्या भागातली बातमी कापून त्यात चिकटवायचात. कागद वाया जाऊ नये म्हणून कडा अशा नेमक्या कापायचात की बातमीपलीकडे एक अक्षर राहू नये. पेपरचं नाव आणि तारीख त्या कडांबरोबर चुलीत जायची. मैद्याची खळ तुम्ही माझ्याच पातेल्यात शिजवायचात आणि ते घासताना मी रोज तुम्हाला बोलायची. पण बातमी नुसती चिकटवून तुमचं समाधान होत नसे. गाव जवळचं असलं तर रविवारी बस पकडून तुम्ही तिथं जायचात, आणि परत आल्यावर कात्रणाशेजारी निळ्या शाईनं लिहायचात, ‘जाऊन पाहून आलो. खरं आहे.’ कधीकधी ‘खरं नाही’ असंही.

अळणावरकडच्या त्या तळ्यावर तुम्ही मला नेलंत तो रविवार मला नीट आठवतो. नव्वद सालानंतरचा कुठलातरी उन्हाळा. तळ्याचा बांध पावसात फुटला होता आणि गावकऱ्यांनी कुणाची वाट न पाहता तो स्वतः बांधायला घेतला होता, अशी चार ओळींची बातमी. बसमधून उतरून आपण दोन मैल चाललो. मी चिडलेली. आठवड्याची एकच सुट्टी, आणि पाहायचं काय, तर माती. बांधावर बायका-पुरुषांची रांग लागली आहे, बुट्ट्या हातोहात पुढं जात आहेत. तुम्ही बांधाच्या दगडाला हात लावून बघता, याला विचारता, त्याला विचारता, थोडं कन्नड, थोडं मराठी. रांगेतली एक बाई तुमच्याकडे बघून म्हणते, “बघायला आलाय होय, अण्णा? बघून बांध होत नाही.” आणि भरलेली बुट्टी तुमच्यापुढं धरते. सगळी रांग हसते. तुम्ही चपला काढून माझ्याजवळ देता आणि सत्तरीच्या वयात त्या रांगेत जाऊन उभे राहता. मी तासभर उन्हात तुमच्या चपला आणि छत्री धरून उभी होते. परतीच्या बसमध्ये मी तुमच्याशी बोलले नाही.

आणि मग स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ. मी भाकरी थापते आहे, शेजारच्या शेगडीवर तुमची खळ रटरटते आहे. तुम्ही म्हणता, ही रजिस्टरं तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीला द्यावीत असं मनात आहे, अकरा झाली, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. तुम्ही हे किती दिवस मनात घोळवत होतात कोण जाणे. मी मान वळवली नाही.

“अप्पा, यावर पेपरचं नाव नाही, तारीख नाही. लायब्ररीच्या दृष्टीनं ही रद्दी आहे.”

“पण त्यातलं खरं आहे. मी पाहून आलोय.”

“तुम्ही पाहिलंत हा पुरावा होत नाही.”

तुम्ही खळीचं पातेलं फडक्यानं उतरवलंत आणि म्हणालात, “इर्ली बिडु.” असू दे. विषय संपवायचा असला की तुम्ही कन्नडमध्ये बोलायचात. दुसऱ्या दिवसापासून पेपर न कापलेले पडू लागले. महिन्याच्या महिन्याला मी ते रद्दीत घालत होते, आणि पातेलं स्वच्छ राहतंय याचं मला बरंच वाटत होतं. तुम्ही सकाळी दहाला पिशवी आणि छत्री घेऊन बाहेर पडायचात, जेवायला यायचात. सुभाष रोडवर कुणाच्या तरी दुकानात गप्पा मारत बसत असाल, असं मी धरून चालले. विचारलं नाही.

पुढच्या वर्षी थंडीत तुम्ही गेलात. दहाव्या दिवशी सुभाष रोडच्या मागच्या वाचनालयातला माणूस घरी आला. त्यानं तुमची चष्म्याची डबी आणि एक बोटभर उरलेली पेन्सिल माझ्या हातात दिली आणि कन्नडमध्ये सांगितलं की रायर, म्हणजे तुम्ही, रोज यायचे, पिशवीतून एक जाडं रजिस्टर काढायचे आणि पेपरच्या जुन्या फायली मागून त्यांत काहीतरी जुळवत बसायचे. मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर रजिस्टरं न उघडता साडीत बांधली आणि माळ्यावर टाकली.

दोनेक महिन्यांपूर्वी त्या विश्वकोशावर एक नवी मुलगी आली. अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत शिक्षिका, घरी आईवडील मजुरी केलेले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती अळणावरला येऊन सायबर कॅफेत तासभर बसायची. म्हणजे आज मी काही खोडलं तर तिला ते कळणार पुढच्या शनिवारी. तिनं आपल्या गावाच्या लेखात एक ओळ घातली, की गावच्या तळ्याचा फुटलेला बांध गावकऱ्यांनी स्वतः बांधला. मी आधार मागितला. पुढच्या शनिवारी तिनं आधाराच्या जागी लिहिलं, ‘माझी आई. तिनं बुट्ट्या उचलल्या आहेत.’ मी लिहिलं, ‘आई हा संदर्भ होत नाही,’ आणि ओळ काढली. तिसऱ्या शनिवारी तिनं एक कागद स्कॅन करून चढवला. त्यावर गावातल्या माणसांचे अंगठे, काही वेड्यावाकड्या सह्या आणि खाली पंचायतीचा शिक्का. ‘अक्का, एवढ्या साक्षी पुरतील का? आई आजारी आहे. तिला वाचून दाखवायचं आहे,’ असं खाली लिहिलं होतं. मी तिला उत्तर लिहिलं. अंगठे चालत नाहीत, छापील हवं. नियम बरोबरच होता, अप्पा. मी तो आजही तसाच सांगेन.

चौथ्या शनिवारी तिची एकच ओळ आली. ‘आई गेली. इर्ली बिड्री, अक्का.’

आता तुम्हाला खरं सांगते. त्या गावाचं नाव मला पहिल्या शनिवारीच ओळखीचं वाटलं होतं. छापील बातमी आपल्या माळ्यावर आहे, हेही माझ्या मनात येऊन गेलं होतं. स्टुलावर चढले असते तर काम झालं असतं. पण ते गाठोडं मला उघडायचं नव्हतं, आणि त्यापायी मी तीन शनिवार तिला नियम शिकवत बसले.

तिची ओळ वाचली आणि स्टूल ओढलं. पहिलं रजिस्टर उघडलं तर प्रत्येक कात्रणाशेजारी पेन्सिलीनं पेपरचं नाव आणि तारीख. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही. अक्षर लहान होत गेलेलं, मग थरथरतं. चौथ्या रजिस्टरात एका पानावर तीन कात्रणांना तारखा आहेत आणि चौथ्याला नाही. पुढं अकराव्यापर्यंत काहीच नाही.

बांधाची बातमी नवव्यात निघाली. तारीख नाही. ते वाचनालय बंद होऊन तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे, जुन्या फायली केव्हाच रद्दीत गेल्या. उपाय एकच होता, कात्रणाची मागची बाजू. ती तुमच्या खळीत बसलेली. ओलं केल्याशिवाय निघणार नाही, आणि शेजारीच निळ्या शाईत तुमचं वाक्य. मी ते आधी वहीत उतरवून घेतलं, पण ते माझ्या अक्षरात. मग ओलं फडकं ठेवलं. खळ चिवट होती, दोन तास लागले. शाई पसरून पानावर निळा डाग राहिला. कात्रण सुटलं. मागे त्या दिवशीच्या पंचांगाची चौकट होती, वैशाखातली तिथी आणि तारीख, आणि खाली पेपरच्याच वर्गणीची जाहिरात, नावासकट. मी तिची ओळ पुन्हा लेखात घातली. पुढं पेपर, तारीख. आता ती कुणाला खोडता येणार नाही.

ती ओळ तिनं पाहिली नाही. ती त्यानंतर तिथं आलीच नव्हती. म्हणून रविवारी मी लेखाचं पान छापून घेतलं आणि बस पकडली. दोन मैल चालले. बांध शाबूत आहे, वर गवत वाढलं आहे, शेळ्या चरतात. तिचं घर विचारत गेले. मी कोण हे कळल्यावर ती ओशाळली, जणू चूक तिची होती. तिनं ओळ दोनदा वाचली.

“आईचं नाव नाही यात.”

“पेपरात नव्हतं.”

“‘गावकऱ्यांनी’ म्हटलंय, त्यात आई आली ना?”

मी मान डोलावली. तुम्ही आणि मी तेव्हा इथं आलो होतो, कुणा बाईनं तुमच्यापुढं बुट्टी धरली होती, हे मी तिला सांगितलं. ती उठून आत गेली आणि आईचा फोटो घेऊन आली. रेशनकार्डावरचा, मोठा करून घेतलेला, चेहरा पुसट. माझ्याकडे बघत ती म्हणाली, “हीच का, अक्का?”

हे पत्र नवव्या रजिस्टरात, त्या निळ्या डागाच्या पानात ठेवणार आहे. चौथ्या रजिस्टरातल्या त्या पानापासून पुढं जमेल तेवढ्या तारखा मी शोधणार आहे, आणि जे पाहिलेलं नाही ते लिहिणार नाही. पण तिला मी हो म्हणाले, अप्पा. फोटो मला ओळखू आला नव्हता.